मधेच दिलेली फुंकणी

काच पिवळी आली तेव्हा सगळ्यांनी आधी वाळूवर संशय घेतला. त्या घराण्याच्या भट्टीत चार पिढ्यांत काच कधी पिवळी आली नव्हती. पाण्यासारखी स्वच्छ काच हीच आमची ओळख, असं थोरलीचे वडील येईल त्याला ऐकवायचे, आणि ते गेल्यावर ऐकवायचं काम तिच्या धाकट्या भावाने आपणहून अंगावर घेतलं होतं. आता त्याच भट्टीच्या मुशीत चाळीस किलो काच मधासारखी पिवळसर होऊन बसली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यातूनच ग्रंथालयाचा गोळा फुंकायचा होता.

गोळा साधासुधा नव्हता. ग्रंथालयाच्या मोठ्या दालनात छतापासून सहा दिवे लोंबतात, ते सहाही थोरलीच्या वडिलांनी फुंकलेले. गेल्या महिन्यातल्या वादळात एक खिडकी आत आली आणि त्यातला एक गोळा गेला. तेवढा मोठा गोळा मधे न थांबता एका दमात फुंकणारं माणूस आता आसपास एकच उरलं होतं, ते म्हणजे थोरली. बावन्न वर्षांची, खांद्याने रुंद, नाकावर माशी बसू न देणारी. तिचं लग्न भट्टीशीच लागलंय असं लोक म्हणायचे, आणि त्याचा तिला राग येण्याऐवजी बरंच वाटायचं.

वाळू, चुना आणि सोडा मोजून मुशीत टाकायचं काम भट्टीमामाचं. तो तीस वर्षं तेच करत आला होता आणि आपण चुकलो नाही असं तो छातीवर हात ठेवून सांगत होता. "सोडा थोडा कमी पडला म्हणून वरच्या फळीवरची बरणी काढली, एवढंच," तो म्हणाला. "बरणीवर सोडा लिहिलंय. ताईंच्याच अक्षरात."

धाकट्याने ती बरणी खाली काढली. तळाशी मूठभर उरलं होतं. त्याने हुंगून पाहिलं, चिमूट जिभेवर ठेवली आणि बहिणीकडे पाहिलं. साखर जळली की तिचा कोळसा होतो आणि काचेला रंग चढतो, हे त्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तासाभराने सगळे घासकामाच्या खोलीत जमले, कारण तिथे आईला उष्णता लागत नव्हती. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. भावजय दाराशी उभी राहिली. धाकट्याची मुलगी, म्हणजे थोरलीची भाची, जी चार वर्षं आत्याच्या हाताखाली काम शिकत होती, ती घासायच्या चाकाला टेकून उभी होती. धाकट्याने बरणी टेबलावर ठेवली, जणू खटलाच चालवायचा होता.

"ही साखर आहे," तो म्हणाला.

"आहे," थोरली म्हणाली.

"सोड्याच्या बरणीत."

"घरात ठेवायला जागा राहिली नव्हती."

हा टोला भावजयीला होता आणि तो बरोबर बसला. दहा आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी थोरलीला मधुमेह असल्याचं सांगितलं, त्याच संध्याकाळी भावजयीने घर झाडून काढलं होतं. साखर गेली, मध गेला, मुरांबा गेला, गोड लागतं म्हणून खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा गेली. एकट्या वन्संनीच का मन मारायचं, म्हणून सगळं घर बिनसाखरेचा चहा पिऊ लागलं. धाकटा तो चहा औषधासारखा डोळे मिटून प्यायचा, पण त्याने एकदाही तक्रार केली नव्हती. हे सगळं मायेपोटी होतं, हे थोरलीला कळत होतं. म्हणूनच तिला बोलता आलं नव्हतं.

दवाखान्यातल्या नर्सने तिला नीट समजावलं होतं. साखर वाढते हे तुम्हाला सगळे सांगतील, ती म्हणाली होती, पण इन्सुलिन घेतलं आणि जेवण लांबलं, किंवा अंगमेहनत जास्त झाली, तर ती पडते. सत्तरच्या खाली गेली की लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायची. थोरलीने हे सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन त्यातला अर्धाच भाग सांगितला. आजार एक वेळ कबूल करता येतो. आपण कुठल्याही क्षणी लटपटू शकतो, हे कबूल करणं तिच्या जिवावर आलं.

पहिल्यांदा साखर पडली ती भट्टीसमोरच. भट्टीवर कुणाला गरगरलं तर दोन पेले मिठाचं पाणी पाजायचं आणि उंबऱ्यावर बसवायचं, ही तिथली जुनी रीत. भट्टीमामाने मोठ्या तत्परतेने तेच केलं. थोरली मिठाचं पाणी प्याली आणि घाम काही थांबेना. तिने भाचीला भावजयीच्या नावाने हाक मारली, स्वतःची चप्पल सापडेना म्हणून मामावर खेकसली, आणि शेवटी कशीबशी रस्ता ओलांडून चहाच्या दुकानात जाऊन साखरेचा डबाच मागितला. दुसऱ्या दिवशी तिने ती बरणी भरली. भट्टीवर पांढऱ्या भुकट्यांच्या बरण्या डझनभर होत्या, त्यात आणखी एक कोण ओळखणार, असं तिला वाटलं. मामाच्या हाताचा हिशेब तिने धरलाच नव्हता.

"म्हणजे तुला चक्कर येते," धाकटा म्हणाला. "फुंकणी हातात असताना."

"चक्कर नाही. साखर पडते."

"किती वेळा पडली?"

"चार."

"पाच," भाची म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मंगळवारची तू मोजली नाहीस, आत्या. तू सामानाच्या खोलीत गेलीस आणि येताना ओठाला साखर लागली होती."

थोरलीला वाटलं, झालं, ही पण गेली बापाच्या बाजूला. पण भाची पुढे म्हणाली, "पाचही वेळा तिने काम आधी खाली ठेवलं, बाबा. एकही भांडं फुटलं नाही. मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते."

"तू पाहत होतीस आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही काय केलं असतंत?"

"जे आता करतोय तेच. उद्याचं काम मी दुसऱ्या कारखान्याला देतो." धाकट्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, आणि तसा तो गेला की तो खरंच घाबरलेला असे. "ताई, ऐक. बाहेर एकदा कळलं ना, की इथली मुख्य कारागीर मधेच गळून पडते, तर मोठं काम घेऊन आपल्या दारात कोण येईल? आणि ते जाऊ दे. उद्या तुलाच काही झालं तर?"

"आधी दार, मग मी," थोरली म्हणाली.

"असं नको बोलूस."

"वन्सं," भावजय दारातून म्हणाली, "मला सांगितलं असतंत तर मी काय तुमची साखर लपवली असती?"

"लपवली नसतीस. फेकली असतीस."

भावजय तशीच निघून गेली. थोरलीला आपल्या जिभेची लाज वाटली, पण ती जागची हलली नाही.

मग आई बोलली. इतका वेळ ती खिडकीतून बाहेर पाहत होती. "उद्या तुला फुंकायचंय?"

"हो."

"मग फुंक. पण नियम तुला ठाऊक आहे."

नियम सगळ्यांनाच ठाऊक होता. काम अर्धं असताना फुंकणी दुसऱ्याच्या हातात दिली, की ती परत घ्यायची नाही. एकदा दिली की कायमची दिली. थोरलीच्या वडिलांनी वीस वर्षांपूर्वी एका दुपारी, अर्धा फुंकलेला चंबू लोंबत असताना, फुंकणी हिच्या हातात दिली आणि बाहेर जाऊन बसले. त्यानंतर नऊ वर्षं जगले, पण फुंकणीला हात लावला नाही. घरात ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली जायची. थोरलीनेही ती कितीदा सांगितली होती.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

पिवळी काच काढून टाकली आणि मूस नव्याने भरली. पण उशिरा भरलेली मूस उशिराच तयार होते. सकाळी अकराला काच उचलायची ठरली होती, तिथे एक वाजला तरी मामा मान हलवत होता. काचेत अजून बारीक बुडबुडे होते.

थोरलीने आठ वाजता इन्सुलिन घेतलं होतं, पोटभर खाल्लं होतं, अकराला बोट टोचून पाहिलं तर एकशे अठरा. मग तिने मुशीत डोकावून पाहिलं, लांब गजाने काच ढवळली, पुन्हा डोकावलं. तिचा डबा बाकावर होता. एकदा गोळा निवायच्या पेटीत गेला की निवांत जेवू, असं तिने स्वतःला सांगितलं. तिला नर्सचे शब्द आठवत होते आणि तरीही तिने ते स्वतःला सांगितलं. सगळं घर बाकावर बसून आपल्याकडे पाहतंय आणि आपण डबा उघडून बसायचं, हे तिला जमेना. भावजयसुद्धा आली होती. कालपासून ती थोरलीशी एक शब्द बोलली नव्हती. पर्स मांडीवर घट्ट धरून ती बसली होती.

दीडला मामाने मान डोलावली.

त्यानंतरची वीस मिनिटं थोरलीच्या आयुष्यातल्या चांगल्या वीस मिनिटांत जमा व्हायला हरकत नव्हती. तिने फुंकणीच्या टोकाला काच गोळा केली, फिरवली, पुन्हा बुडवली, तिसऱ्यांदा बुडवली, आणि आठ किलो वितळलेली काच टोकाला धरून ती आपल्या कामाच्या बाकावर येऊन बसली. भाची समोर गुडघ्यांवर बसून ओल्या कागदाची जाड घडी हातात घेऊन खालून गोळ्याला आकार देत होती. थोरली फिरवायची, फुंकायची, उठून दुसऱ्या भट्टीच्या गोल तोंडात गोळा पुन्हा तापवायची, परत येऊन बसायची. काच लाल असतानाही किती स्वच्छ आहे ते दिसत होतं. गोळा कलिंगडाएवढा झाला, मग त्याहून मोठा. आपल्याला हे येतं, थोरलीच्या मनात आलं, आणि असं येतं की कुणाला येत नाही.

मग तिच्या मानेवरून थंड घाम उतरला.

भट्टीचा घाम गरम असतो. तो आयुष्यभर अंगावर वागवलेला माणूस थंड घाम लगेच ओळखतो, आणि थोरली पाच वेळांत तो ओळखायला शिकली होती. पाहणाऱ्याला मात्र दोन्ही सारखेच. ओठ बधिर झाले. भाचीचा हात तिला भलताच सावकाश चालतोय असं वाटलं आणि विनाकारण संताप आला. "नीट धर," ती करवादली. भाचीने वर पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली.

आणखी पाच मिनिटं, थोरलीने ठरवलं. पाच मिनिटांत गोळ्याची मान तयार होईल, गोळा पेटीत जाईल, कुणाला कळणारही नाही. पाच मिनिटं आपण कशीही काढू. तिने फुंकणी फिरवली आणि तिचा उजवा हात एक फेरा चुकला. गोळा किंचित झुकला आणि पुन्हा सरळ झाला. भाची त्याच्या खाली होती. तिचे केस, कान, वाकलेली मान, सगळं त्या लाल काचेच्या एक वीत खाली होतं.

थोरलीने वडिलांचा विचार केला नाही. नियमाचाही केला नाही. तिने ती मान पाहिली.

"माझी साखर पडतेय," ती मोठ्याने म्हणाली. "बाजूला हो पोरी. धाकट्या, धर."

धाकटा दोन ढांगांत आला. तो एकोणीस वर्षांचा असताना वडिलांनी त्याला फुंकणीवरून उठवून हिशेबाच्या टेबलावर बसवलं होतं, कारण त्याच्या फुंकेला दम नव्हता. तेव्हापासून त्याने फुंकणी हातात धरली नव्हती. आता त्याने ती धरली तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता.

"मी काय करू?"

"फिरव. नुसती फिरव. लाली उतरली की तापव आणि परत आण. फुंकू नकोस."

"फुंकणार नाही. देवाशप्पथ फुंकणार नाही."

थोरली स्टुलावर बसली तोवर भट्टीमामा मिठाच्या पाण्याचा पेला घेऊन हजर झाला होता. मिठाने पिढ्यानपिढ्या भट्टीवरची माणसं उठून उभी राहिली होती, मग ताई का नाही, असा त्याचा सरळ विचार. भावजयीने त्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि खाली ठेवला. पर्समधून तिने पाण्याची बाटली काढली. आतलं पाणी साखरेने गढूळ दिसत होतं.

"चार चमचे घातलेत," ती म्हणाली. "काल संध्याकाळी दवाखान्यात जाऊन विचारून आले. प्या, वन्सं."

थोरली प्याली. हात इतका कापत होता की भावजयीने बाटली तिच्या तोंडाशी धरली. मग तिनेच थोरलीच्या एप्रनच्या खिशातून साखर मोजायचं मीटर काढून तिचं बोट टोचलं. अठ्ठावन्न.

"पंधरा मिनिटं," भावजय घड्याळाकडे पाहत म्हणाली. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पंधरा मिनिटं कुणी वन्संना काही विचारायचं नाही."

एवढी लांब पंधरा मिनिटं त्या भट्टीने पाहिली नव्हती. अर्धा गोळा पंधरा मिनिटं जिवंत ठेवायचा म्हणजे तो थंडही होऊ द्यायचा नाही आणि जास्त तापवून वाहूही द्यायचा नाही. धाकटा फिरवत होता. त्याचा शर्ट पाठीला चिकटला. भाची शेजारी उभी राहून लाली पाहत होती. "आता आत न्या, बाबा. पुरे. बाहेर. फिरवत राहा."

"किती झाली?"

"चार," भावजय म्हणाली.

"चारच?"

"घड्याळ माझं नाही, तुझ्या वडिलांचं आहे," आई खुर्चीतून म्हणाली. "ते कधी पुढे पळालं नाही."

मामाने पुढे होऊन फुंकणीखाली आधाराचा गज धरला. धाकट्याने एकदा गोळा जास्त वेळ आत ठेवला, तो लोंबायला लागला, आणि भाचीने फुंकणी वर उचलून धरली तेव्हा कुठे तो सावरला. थोरली स्टुलावरून सगळं पाहत होती. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं आणि तिने ओठ मिटून घेतले होते. हळूहळू चेहऱ्यावरचा गारठा गेला. भावजयीने पावाचा तुकडा हातात दिला, तोही तिने निमूट खाल्ला. आपलं काम दुसरे जिवापाड सांभाळताहेत आणि आपण नुसतं बसून पाहायचं, हे तिने आजवर कधी केलं नव्हतं. बसल्या बसल्या तिला तिच्या माणसांचा एवढा अभिमान वाटला की तिचे डोळे भरून आले. साखर पडली की उगाच रडू येतं, तसलं ते पाणी नव्हतं.

"पंधरा," भावजय म्हणाली.

दुसऱ्या बोटाला टोचलं. ब्याण्णव. थोरली उठली, हात समोर धरून पाहिला. हात स्थिर होता. ती धाकट्यासमोर जाऊन उभी राहिली.

धाकट्याचे हात फिरतच होते. त्याने बहिणीकडे पाहिलं आणि मग आईकडे. कारखान्यातली सगळी माणसं आईकडेच पाहत होती. थोरलीने हात पुढे केला नव्हता. मागायचं तिच्याही रक्तात नव्हतं.

"बघतोस काय," आई म्हणाली. "दे तिला."

"आई, नियम..."

"नियम मला सांगू नकोस, मीच तो पाळून बसले." आईने खुर्चीचा हात धरला आणि ती उभी राहिली, कुणाचा आधार न घेता. "तुझे वडील नऊ वर्षं रोज सकाळी हात धुऊन त्या दाराशी येऊन बसायचे. कुणीतरी बोलावील, फुंकणी हातात देईल, म्हणून. त्यांनी मागितली नाही आणि आपण दिली नाही. मला दिसत होतं. घराण्याचा मान म्हणून मी गप्प राहिले. असला मान मला पुन्हा नको. दे."

धाकट्याने फुंकणी दिली. थोरलीने ती घेतली, एक फेरा फिरवून वजन ओळखलं, तापवून आणली, बसली. भाची पुन्हा गुडघ्यांवर खाली बसली, पहिल्यासारखीच अगदी जवळ. थोरलीने फुंकलं.

गोळा भरत गेला. लाकडी मापाला तो टेकला तेव्हा कुठेही फट उरली नव्हती. मान ओढून झाली, गोळा फुंकणीपासून सुटला, आणि मामा व भाची दोघांनी जाड हातमोज्यांत धरून तो निवायच्या पेटीत ठेवला. मग थोरली स्टुलावर बसून, सगळ्यांसमोर, डबा उघडून जेवली. जेवताना तिने कामगारांना बोलावून सांगितलं की आपल्याला मधुमेह आहे, साखर पडली की आपण विनाकारण खेकसतो आणि हात चुकतो, असं दिसलं की थांबवायचं आणि साखरेचं पाणी द्यायचं. मिठाचं नाही. मामाने मान खाली घातली. भावजयीने नवी बरणी फळीवर ठेवली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत साखर असं लिहिलं.

तिसऱ्या दिवशी गोळा निवून बाहेर आला. तो न्यायला ग्रंथालयाचे व्यवस्थापक स्वतः आले होते. त्यांनी चष्मा पुसला, गोळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "तुमच्या वडिलांच्या पाच गोळ्यांत हा कुठला ते मला सांगता येणार नाही. एका दमात फुंकलाय का?"

थोरली पलीकडे पेंढ्याचं खोकं तयार करत होती. तिचे हात थांबले. असा प्रश्न आला की धाकटा काय सांगतो ते तिला तोंडपाठ होतं: आमच्याकडे सगळं एकाच दमात.

"नाही," धाकटा म्हणाला. "मधे पंधरा मिनिटं थांबावं लागलं. माझ्या बहिणीला मधुमेह आहे. इन्सुलिनवर आहे. काम चालू असताना तिची साखर पडली. तिने स्वतःच ओळखलं, स्वतःच सांगितलं, फुंकणी दिली, साखर घेतली, तपासली आणि परत येऊन पुरा केला."

"आणि ती पंधरा मिनिटं गोळा?"

"माझ्या हातात होता." धाकट्याची छाती थोडी पुढे आली. "नुसता फिरवायचा म्हणजे लोकांना सोपं वाटतं. तसं नसतं ते."

व्यवस्थापकांनी गोळ्याकडे पुन्हा पाहिलं. ते भले गृहस्थ होते, पण उरलेले पाच गोळेही जुने झाले होते आणि त्यांना तेही बदलायचे होते. त्यांनी जरा अडखळत विचारलं, "पुढच्याच्या वेळी पुन्हा पडली तर?"

"तर पुन्हा थांबू," धाकटा म्हणाला, आणि पाचही गोळ्यांची ऑर्डर लिहून घ्यायला त्याने वही उघडली.